तोलण्याआधी वाचा

चहा झाला नसेल तर शेगडीवर ठेवा आणि ऐकत बसा. आज आम्ही चांदीबद्दल बोलणार आहोत.

चांदी म्हटलं की आपल्याला जोडवी आठवतात, पैंजण, बाळाचे वाळे, देव्हाऱ्यातले टाक आठवतात. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत जी चांदी आली, ती अंगावर घालायची नव्हती आणि पूजेत मांडायचीही नव्हती. तिच्यावर प्राणी आणि पक्षी होते. काही आता जगात कुठंच नाहीत असे, आणि काही मोजकेच उरलेले.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. फी भरायला आठ दिवस होते. ताईंचे यजमान वारलेले. घरी हातमाग होता तो केव्हाच उतरवला. आपलं खापं कन्हान नदीकाठचं विणकरांचं गाव, पण आता किती घरांत माग चालतो ते तुम्ही जाणताच. ताई शिवणकाम करतात, त्यातून घर चालतं, फी निघत नाही. मग त्यांना कपाटातला पत्र्याचा डबा आठवला. त्यांचे सासरे शाळेत गुरुजी होते. त्यांना नाणी आणि पदकं जमवायचा नाद होता. डब्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले सात गोल तुकडे निघाले.

ताई ते घेऊन एका सराफाकडे गेल्या. त्यानं सातही तुकडे एकदम काट्यावर टाकले, वजन सांगितलं, घट धरली आणि म्हणाला, आज देत असाल तर आज पैसे. ताई आमच्याकडे आल्या त्या फक्त विचारायला, की भाव बरोबर आहे का.

आम्ही सगळ्या जणींनी एकेक तुकडा हातात घेतला. तिथूनच ही गोष्ट सुरू झाली.

एका तुकड्यावर मोरासारखा तुरा असलेला पक्षी होता आणि अक्षरं चक्क आपली, देवनागरी! आम्ही वाचायला लागलो, तर साल लिहिलेलं २०३१. एक काकू म्हणाल्या, "काय बाई, २०३१ तं अजून यायचंच हाय. खोटं हाय हे." क्षणभर आम्हालाही तसंच वाटलं. मग भिंतीवरची दिनदर्शिका काढली. तिच्यात शक असतो, इसवी सन असतो, तसं विक्रम संवतही असतं. नेपाळमध्ये सरकारी कारभार विक्रम संवतानं चालतो. २०३१ मधून ५७ वजा केले की १९७४ येतात. नाणं खोटं नव्हतं, आम्हाला वाचता येत नव्हतं एवढंच.

डब्याच्या तळाशी एक चाळीस पानी वही होती. ताई ती रद्दीत टाकणार होत्या, कारण वरून ती दुधाच्या हिशेबाची दिसत होती. आत गुरुजींच्या अक्षरात प्रत्येक तुकड्याची नोंद होती: कधी घेतला, कुठून मिळाला, काय दिलं, आणि वर कोणता प्राणी आहे. पशुपतिनाथाच्या यात्रेला गेले होते तेव्हा दोन नेपाळी नाणी घेतली. बाकीची टपालानं, दुसऱ्या संग्राहकांशी अदलाबदल करून.

मैत्रिणींनो, त्या वहीतून आणि नंतर नागपूरच्या एका जाणकार गृहस्थांकडून आम्हाला जे कळलं, ते आता सांगतो.

आधी एक साधा फरक. ज्याच्यावर देशाचं नाव आणि रक्कम असते, ते नाणं. ज्याच्यावर रक्कम नसते, ते पदक. नाणं देशाचं सरकार काढतं. पदक कोणतीही टांकसाळ, संस्था किंवा कंपनी काढू शकते. म्हणून पदक घेताना जास्त डोळसपणा लागतो. आमच्या सातांत चार नाणी होती आणि तीन पदकं.

चारही नाणी एकाच मालिकेतली. १९७४ पासून पुढच्या काही वर्षांत जागतिक वन्यजीव निधी, म्हणजे ज्यांच्या चिन्हावर पांडा असतो ती संस्था, आणि निसर्ग संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय संघ, या दोघांनी मिळून ही योजना काढली. वीसहून जास्त देशांनी आपापल्या देशातल्या, संकटात असलेल्या प्राण्यांची चित्रं असलेली चांदीची आणि सोन्याची नाणी काढली. ती बाजारात भाजी घ्यायला नव्हती, संग्राहकांनी विकत घ्यावीत म्हणून होती. त्यातून मिळालेला पैसा प्राणी वाचवण्याच्या कामाला जायचा होता. चांदीची नाणी दोन आकारांत निघत, बहुतेक देशांची साधारण २८ ग्रॅमचं एक आणि ३५ ग्रॅमचं एक. हातात घेतलं की जडपणा कळतो.

नेपाळच्या पंचवीस रुपयांच्या नाण्यावर होता डांफे, हिमालयातला रंगीत पक्षी. पन्नास रुपयांच्या नाण्यावर लाल पांडा, मांजरापेक्षा थोडा मोठा, झुपकेदार शेपटीचा. दोघेही आज आहेत, पण लाल पांडा फार थोडे उरले आहेत.

तिसरं नाणं मॉरिशसचं. मॉरिशस म्हणजे तेच बेट, जिथं इंग्रजांच्या काळात आपल्या कोकणातून माणसं मजुरीला गेली आणि जिथं आजही शाळेत मराठी शिकवतात. त्या नाण्यावर तिथला छोटा ससाणा आहे. १९७४ साली रानात असे फक्त चार ससाणे माहीत होते. चार! आपल्या अंगणात कोंबड्या याहून जास्त असतात. पुढे कार्ल जोन्स नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी काय केलं ऐका. ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना लगेच समजेल. घरट्यातली पहिली अंडी उचलली की मादी दुसऱ्यांदा अंडी घालते. उचललेली अंडी त्यांनी यंत्रात उबवली, पिलं हातानं वाढवली, झाडाकड्यांवर लाकडी पेट्या लावल्या आणि मोठी झालेली पाखरं रानात सोडली. पंचवीस-तीस वर्षांत चाराचे काही शे झाले.

चौथं नाणं इंडोनेशियाचं, दोन हजार रुपयाचं. तिथंही चलनाला रुपयाच म्हणतात. त्यावर जावा बेटाचा वाघ. हे नाणं निघालं १९७४ ला, तेव्हा तो वाघ हयात होता. १९७६ साली मेरू बेतिरी नावाच्या जंगलात त्याच्या शेवटच्या खात्रीच्या खुणा मिळाल्या. त्यानंतर तो कुणाला खात्रीनं दिसला नाही, आणि पुढे नामशेष म्हणून जाहीर झाला. नाणं आमच्या हातात होतं, वाघ नव्हता.

आता पदकं. एकावर डोडो, मॉरिशसचाच, उडता न येणारा जाडजूड पक्षी. जहाजानं आलेली माणसं आणि त्यांच्यासोबत आलेली डुकरं, उंदरं, माकडं यांच्यापुढे तो टिकला नाही. सतराव्या शतकातच संपला. दुसऱ्यावर अमेरिकेचं प्रवासी कबूतर. त्याचे थवे इतके मोठे असत की आभाळ झाकोळून जाई, म्हणून माणसांनी बेफाम मारलं. मार्था नावाची शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तिसऱ्यावर टास्मानियाचा पाठीवर पट्टे असलेला लांडगा. मेंढ्या खातो म्हणून त्याला मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. त्याला मारायला बंदी आली १० जुलै १९३६ ला, आणि पिंजऱ्यातला शेवटचा लांडगा मेला ७ सप्टेंबर १९३६ ला. कायदा आला, पण दोन महिने आधी नाही, पन्नास वर्षं आधी यायला हवा होता.

हे सगळं ऐकून एक आजी म्हणाल्या, "चांदीवर छापून काय झालं? तो वाघ तं गेलाच ना." बैठकीत सगळ्या गप्प झाल्या.

आजींचं खरं आहे. तुम्हाला चाराण्याचं नाणं आठवतं? १९८८ पासून त्याच्यावर गेंडा असायचा. लेकरं त्याच्या गोळ्या घेत. ३० जून २०११ पासून चाराणे चलनातून बंद झाले. नाणं गेलं, गेंडा मात्र वाढला. आसामच्या काझीरंगात २०२२ च्या गणनेत २,६१३ गेंडे मोजले. कारण तिथं माणसांनी रात्रंदिवस राखण केली. म्हणजे चित्र छापल्यानं प्राणी वाचत नाही, आणि चित्र बंद झाल्यानं मरत नाही. राखणारे असले तर वाचतो. पण चित्र हातात असलं की आपण विचारतो, हा कोण, आणि आता कुठं आहे? आम्ही वीस बाया त्या दिवशी तो प्रश्न विचारत बसलो होतो, हेही काही कमी नाही.

आता मुद्द्याचं, पैशाचं बोलू. कारण ताईंच्या लेकीची फी तर भरायची होतीच.

आम्ही पहिलं काम केलं ते गटातून अंतर्गत कर्ज दिलं. बैठकीत ठराव घेतला, सह्या-अंगठे झाले, पहिला हप्ता वेळेत भरला गेला. घाई संपली. मैत्रिणींनो, घाईतल्या बाईला कुणीही कमी भाव देतो. बचत गट हा कर्जासाठी आहे, तसा घाई टाळण्यासाठीही आहे.

मग सातही तुकडे तपासून घेतले. दोन पदकं, डोडोचं आणि कबुतराचं, नुसता चांदीचा मुलामा निघाली. नीट पाहिल्यावर कडेला तांबं डोकावत होतं. लांडग्याच्या पदकावर ९२५ असा आकडा होता. त्याचा अर्थ हजार भागांत ९२५ भाग चांदी. ते खरं होतं, पण त्याला वजनापेक्षा जास्त कुणी देईना. चार नाण्यांना मात्र वजनापेक्षा जास्त किंमत आली. लाखो नाही बरं का! पण वितळवली असती तर जे मिळालं असतं त्याहून बऱ्यापैकी जास्त. आणि ती जास्तीची किंमत कशामुळे आली? एक, नाणी घासलेली नव्हती. दोन, गुरुजींची वही होती.

म्हणून आमच्या चुकांतून आणि शिकण्यातून काही गोष्टी सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या.

जुनं चांदीचं नाणं किंवा पदक सापडलं तर चिंच, राख, पावडर लावून घासू नका. काळं पडलेलं तसंच राहू द्या. घासलं की बारीक रेषा पुसतात आणि संग्राहक ते घेत नाही. कडेला धरा, मऊ सुती कापडात वेगवेगळं ठेवा.

लोहचुंबकाची परीक्षा अर्धीच धरा. चांदी चिकटत नाही हे खरं, पण तांबं आणि पितळही चिकटत नाही. शंका असेल तर दोन ठिकाणी तपासा.

सगळे तुकडे एकदम काट्यावर टाकू देऊ नका. एकेक तोलायला सांगा, एकेकाचं लिहून घ्या.

सोबतचा डबा, पावती, चिठ्ठी, वही जपा. वस्तू कुठून आली ते सांगता आलं तर तिची किंमत राहते.

विकलं तर पक्कं बिल घ्या आणि पैसे स्वतःच्या खात्यात घ्या. ताईंनी तसंच केलं.

आणि फोनवरच्या भुलाव्याला फसू नका. "तुमच्या गेंड्याच्या चाराण्याला पाच लाख देतो, आधी दोन हजार कर भरा," असे निरोप येतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा शिक्काही दाखवतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे, की आम्ही जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या कामात नाही आणि त्यासाठी कुणाकडून पैसेही मागत नाही. घेणारा आधी पैसे मागतो, तिथंच समजा.

घर पाडताना किंवा शेत नांगरताना जमिनीत जुनी नाणी सापडली, तर ती गोष्ट वेगळी. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून आहे. ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

त्या बैठकीत एका बहिणीनं हळूच विचारलं, "माह्या आजेसासूचं चांदीत मढवलेलं वाघनख आहे, तेबी असंच विकता येते का?" मैत्रिणींनो, हे नीट ऐका. वाघाचं चित्र असलेलं नाणं विकणं गुन्हा नाही. पण वाघाचं खरं नख, कातडं, दात विकत घेणं, विकणं आणि परवान्याशिवाय नुसतं घरात ठेवणंसुद्धा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी तीन वर्षांची. बाजारात मिळणारी पुष्कळ नखं शिंगाची नाहीतर प्लास्टिकची असतात, पण ती खरी आहे का खोटी, हे विकायला जाऊन ठरवू नका. आधी वकिलाचा सल्ला घ्या, मग वनखात्याच्या कार्यालयात जा. आपल्या उत्तरेला पेंचचं जंगल आहे. तिथल्या वाघाची नखं त्याच्याच पायात शोभतात.

बैठक संपता संपता त्याच आजींनी अजून एक प्रश्न विचारला. "गिधाडाचं चांदीचं काहून नाही?" त्या म्हणाल्या, आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडं उतरायची, तासाभरात हाडं उरायची. आता नातवाला सांगितलं तर त्याला गोष्टच वाटते.

आमच्या डब्यात गिधाड नव्हतं. पण आजींनी विचारलं म्हणून आम्ही शोधलं. जनावरांना ताप-सुजेवर डायक्लोफेनॅक नावाचं औषध देत. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा-वीस वर्षांत शंभरातली नव्याण्णवहून जास्त संपली. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं, आणि २०२३ साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही. तेव्हा गायी-म्हशीला औषध आणाल तेव्हा पशुवैद्यकांना विचारा, गिधाडांना अपाय न करणारं मेलॉक्सिकॅम चालेल का? माणसांचं डायक्लोफेनॅक दुकानातून आणून जनावराला टोचू देऊ नका. जावाच्या वाघासाठी आपण काही करू शकत नाही. हे मात्र आपल्या गोठ्यातलं आहे.

आता ताईंचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. त्यांनी नेपाळची दोन नाणी आणि लांडग्याचं पदक विकलं. पूर्ण फी त्यातून निघाली नाही, उरलेलं गटाच्या कर्जातून भागलं, आणि त्याचे हप्ते त्या अजून नियमानं भरत आहेत. जावाचा वाघ आणि मॉरिशसचा ससाणा त्यांनी ठेवला. मुलामा असलेली दोन पदकं शाळेतल्या बाईंना वर्गात दाखवायला दिली.

विकायच्या आदल्या रात्री लेकीनं एक केलं. सातही तुकड्यांवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली आणि त्यांचे छाप उतरवून घेतले. ते आजोबांच्याच वहीत, त्यांच्या नोंदीसमोर चिकटवले. प्रत्येकाखाली स्वतःच्या अक्षरात एकच शब्द लिहिला: आहे, किंवा नाही. सगळे छाप चिकटवून झाल्यावर एक पान रिकामं राहिलं होतं. त्यावर तिनं आजींना विचारून गिधाड काढलं. खाली काही लिहिलं नाही. म्हणाली, हे अजून ठरायचं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. पुढच्या बैठकीत घेऊन या. विकायचं का ठेवायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण काट्यावर टाकण्याआधी सगळ्या मिळून एकदा वाचूया.